‘फोटो काढू का, मावशी?’ : पोर्ट्रेट शिकताना माणसांशी कसं बोलायचं

पोर्ट्रेटवर एक भाग करतेय असं सांगितल्यावर बरेच प्रश्न आले. त्यातले दोन लेन्सबद्दल होते, तीन लाइटबद्दल, आणि बाकीचे जवळजवळ सगळे एकाच गोष्टीबद्दल: अनोळखी माणसाला फोटो मागायचा कसा? जीभच वळत नाही, लोक काय म्हणतील, कुणी अंगावर आलं तर? म्हणून आज क्रम उलटा. आधी माणसं, मग कॅमेरा. ऐकायला वेळ नसलेल्यांसाठी हे शब्दांकन. बोलताना आलेले ‘म्हणजे’ आणि ‘ॲक्चुअली’ तेवढे गाळलेत.

थोडी पार्श्वभूमी सांगते. मी पुण्यात फोटोग्राफी शिकतेय, शेवटचं वर्ष. यंदा आम्हाला वर्षभराचं एकच काम होतं: शहरातला एक छोटा पट्टा निवडायचा आणि तिथल्या तीस माणसांची पोर्ट्रेट करायची. मी मंडईपासून कसब्यातल्या तांबट आळीपर्यंतचा भाग घेतला. सरांची अट एकच होती. माणसाचं नाव विचारल्याशिवाय कॅमेरा बॅगेतून बाहेर काढायचा नाही. ऐकायला सोपी वाटते, पण या एका अटीनं सगळी पद्धतच ठरते. नाव विचारायचं तर थांबावं लागतं, थांबायचं तर त्या माणसाला वेळ आहे का ते बघावं लागतं.

वेळेचंच आधी बोलू, कारण ‘नाही’ येण्याचं सगळ्यात मोठं कारण तेच असतं. मंडईत सकाळी गिऱ्हाइकांची झुंबड असताना भाजीवाल्या मावशींपुढे कॅमेरा घेऊन उभं राहणं म्हणजे त्यांच्या धंद्याच्या आड येणं. दुपारी दोन-अडीचला गर्दी ओसरते. डबा खाऊन झालेला असतो, कोणी लसूण सोलत बसलेलं असतं, कोणी मेथी निवडत. ती वेळ आपली. तांबट आळीत गणित वेगळं. तिथे तांब्याच्या भांड्यांवर हातोडीनं ठोके मारून मठारकाम चालतं, तेव्हा शेजारच्याचं बोलणंसुद्धा ऐकू येत नाही. चहा आला की ठोके थांबतात. त्या दहा मिनिटांत ओळख करून घ्यायची आणि पुन्हा काम सुरू झालं की कोपऱ्यात गप्प बसून बघायचं. हात कसा चालतो, मान कुठे वाकते, माणूस उजेडाकडे तोंड करून बसतो की पाठ करून. हे बघून झालं की निम्मा फोटो डोक्यात तयार होतो.

आता प्रत्यक्ष मागायचं कसं. ‘फोटो काढू का?’ हे माझं पहिलं वाक्य कधीच नसतं. मी कोण, कुठे शिकते, फोटो कशासाठी हवाय आणि तो कुठे दिसणार, हे चार वाक्यांत सांगून टाकायचं. मग समोरून प्रश्न येतात, आणि ते ठरलेले असतात. पेपरात येणार का? पैसे द्यायला लागतील का? आणि हमखास येणारा, ‘तू कुठली गं? आडनाव काय?’ आडनाव विचारण्यामागे पुष्कळदा काय असतं ते आपल्या सगळ्यांना ठाऊक आहे. मी गावाचं नाव सांगते. गावावरून बोलणं पावसावर जातं, पावसावरून भावावर, आणि मग ते माणूस आपल्याला जरा पारखून झालेलं असतं. आपण त्याचा चेहरा वाचायला आलो आहोत असं आपल्याला वाटतं, पण त्यानं आपला कधीच वाचलेला असतो.

पहिल्या महिन्यात मी चौदा जणांना विचारलं. नऊ ‘हो’ म्हणाले. पाच नकारांतले दोन ‘आज दाढी केली नाही’ आणि ‘ही साडी बघ कसली’ या जातीचे होते. त्यांना ‘मग गुरुवारी येऊ?’ असं विचारायचं असतं. गुरुवारी मावशी खरंच केस विंचरून, पावडर लावून बसलेल्या असतात. एकाला नजर लागायची भीती होती. त्यावर वाद घालायचा नसतो. एक जण काहीच न बोलता आत निघून गेले. आणि एका पथारीवाल्या काकांनी हळूच विचारलं, ‘तुम्ही अतिक्रमणवाल्या नाही ना?’ हा प्रश्न लक्षात ठेवा. रस्त्यावर बसून धंदा करणाऱ्याच्या लेखी कॅमेरा म्हणजे पुरावा असू शकतो. आपल्याला जी रंगीबेरंगी फ्रेम दिसते, तिच्यात त्याला उचलून नेलेली हातगाडी दिसते. अशा वेळी कॉलेजचं ओळखपत्र दाखवायचं, मागची जागा फ्रेममध्ये घेणार नाही असं सांगायचं, आणि तरीही नको म्हणाले तर नमस्कार करून पुढे जायचं.

इथे एक गोष्ट सांगायलाच हवी, कारण पोर्ट्रेट शिकणाऱ्या प्रत्येकाला ती कुणीतरी ऐकवतंच. ३० डिसेंबर १९४१. कॅनडाची राजधानी ओटावा. युसूफ कार्श हा छायाचित्रकार विन्स्टन चर्चिलचा फोटो घेणार आहे. चर्चिलच्या तोंडात सिगार. कार्श पुढे होतो, तोंडातून सिगार काढून घेतो आणि परत येऊन बटण दाबतो. चर्चिलचा तो चिडलेला, लढायला निघाल्यासारखा चेहरा जगभर गाजला. यावरून मुलांना सांगितलं जातं की माणसाला थोडं डिवचा, मग खरा चेहरा बाहेर येतो. मला हा धडा अजिबात पटत नाही. समोर ब्रिटनचा पंतप्रधान होता. तो चिडला असता तर नुकसान कार्शचं झालं असतं. आपल्यासमोर भाजीवाली मावशी असते आणि हातात महागडा कॅमेरा आपल्या असतो. ताकदीचं पारडं उलटं आहे. तिला डिवचून मिळालेला चेहरा फार तर आपल्या आगाऊपणाचा पुरावा.

बरं, आता कॅमेऱ्याकडे येते. यात पहिली गोष्ट अंतर. ‘पोर्ट्रेटसाठी ८५ मिमीची लेन्स घ्या’ असं सगळे सांगतात, पण का ते क्वचितच सांगतात. चेहऱ्याचा आकार बदलतो तो अंतरामुळे. तुम्ही हातभर अंतरावर गेलात की नाक कॅमेऱ्याच्या बरंच जवळ येतं आणि कान त्या मानानं लांब पडतात, म्हणून नाक मोठं आणि चेहरा चिंचोळा दिसतो. दीड-दोन मीटर मागे सरकलात की नाक आणि कान यांच्या अंतरातला फरक नगण्य होतो, चेहरा आपण एरवी बघतो तसा येतो. त्या अंतरावरून चेहऱ्यानं फ्रेम भरायची तर जरा लांबची लेन्स लागते, एवढाच त्या ८५ चा अर्थ. तुमच्या कॅमेऱ्याचा सेन्सर छोटा असेल, बहुतेक विद्यार्थ्यांचा असतोच, तर ५० मिमीची साधी लेन्स साधारण ७५ सारखी चालते. फोनवाल्यांनी दोन पावलं मागे जाऊन २x वापरावं. फोन नाकासमोर धरून ‘आजी, इकडे बघा’ करू नये.

आणि दीड-दोन मीटर हे बोलायलाही बरोबर अंतर आहे. ओसरीवर दोन माणसं बसून बोलतात ते साधारण तेवढ्याच अंतरावर. त्याहून जवळ गेलात की समोरचा अंग चोरतो, लांब गेलात की ओरडून बोलावं लागतं.

ॲपर्चरबद्दल एक सूचना. मागचं सगळं धूसर करायच्या नादात मुलं एफ १.४ वर जातात. फुल फ्रेम कॅमेऱ्यावर ८५ मिमी, दीड मीटर अंतर आणि एफ १.४ असेल, तर नीट फोकसमध्ये येणारी जागा जेमतेम अडीच सेंटीमीटर असते. डोळा साधला तर नाकाचा शेंडा गेला. एफ ४ वर तेच सात-साडेसात सेंटीमीटर होतं. बोलणारं माणूस हलतंच, म्हणून मी एफ ४ च्या आसपास राहते, शटर १/२५० आणि फोकस जवळच्या डोळ्यावर. जमेल तेव्हा कॅमेरा तिपाईवर लावून बाजूला उभी राहते आणि रिमोटनं बटण दाबते. त्यामुळे माझा चेहरा कॅमेऱ्यामागे लपत नाही, बोलणं तुटत नाही. काचेच्या गोळ्याशी गप्पा मारणं कुणालाच जमत नाही हो.

लाइटसाठी फ्लॅश, छत्र्या, काही नको. जुन्या वाड्याचा किंवा दुकानाचा दरवाजा हा फुकटचा स्टुडिओ आहे. माणसाला उंबरठ्याच्या आत, हातभर अंतरावर बसवायचं, तोंड बाहेरच्या उजेडाकडे. दरवाजा चेहऱ्याच्या मानानं मोठा असल्यामुळे उजेड मऊ पडतो, आणि आत जाऊ तसा झपाट्यानं कमी होतो, त्यामुळे मागचा पसारा आपोआप अंधारात बुडतो. डोळ्यांत त्या दरवाजाचं छोटंसं पांढरं प्रतिबिंब दिसलं पाहिजे. ते नसेल तर डोळे विझल्यासारखे वाटतात. मान किंचित वळवली की लांबच्या गालावर एक उजेडाचा त्रिकोण पडतो. रेम्ब्रांटच्या चित्रांवरून त्याला रेम्ब्रांट लाइट म्हणतात. तांबट आळीत तर खाली ठेवलेल्या तांब्याच्या परातींवरून उजेड उसळून हनुवटीखाली जरा तांबूस झाक येते. ती मी काढून टाकत नाही. ती त्या जागेची आहे.

आता जरा नाजूक विषय, कातडीचा रंग. कॅमेऱ्याचं मीटर समोर जे असेल ते सरासरी करड्या रंगाचं आहे असं धरून चालतं. पांढरी टोपी, पांढरा सदरा घातलेले आजोबा फ्रेममध्ये आले की ते सगळा फोटो काळवंडून टाकतं आणि चेहरा कोळशासारखा येतो. तिथे एक्स्पोजर दोन-तृतीयांश ते एक स्टॉप वाढवायचं. उलट सावळा चेहरा आणि मागे काळोख असेल तर ते फोटो नको इतका उजळ करतं, तिथे कमी करायचं. सरळ उपाय म्हणजे मीटर चेहऱ्यावर लावायचं आणि मग डोळ्यांनी पडताळायचं. यामागे इतिहासही आहे. रंगीत फिल्मच्या काळात लॅबमधले रंग जुळवायला कोडॅक कंपनीची कार्डं असायची, त्यांना ‘शर्ली कार्ड’ म्हणत. त्यावर वर्षानुवर्षं गोऱ्या बाईचाच फोटो असे. म्हणजे ‘योग्य रंग’ कोणता हे ज्या कातडीवरून ठरलं, ती आपली नव्हतीच.

आणि मग आपल्या फोनमधला ब्यूटी मोड. तीस जणांपैकी सात-आठ जण तरी म्हणाले, ‘थोडं गोरं करून दे.’ काही मस्करीत, काही खरंच. लेक्चर देण्यात अर्थ नसतो. मी त्यांना दारातल्या उजेडात काढलेला फोटो मागच्या पडद्यावर दाखवते. नीट एक्स्पोज केलेला सावळा चेहरा इतका तेजदार दिसतो की बहुतेक वेळा विषय तिथेच संपतो. एक मुलगी मात्र ठाम होती, फोटो लग्नाच्या स्थळांसाठी पाठवायचा होता. तिला मी मूळ फोटो दिला. पुढे तिनं त्याचं काय केलं ते विचारलं नाही. तिच्या घरात बसून ते प्रश्न मला सोडवायचे नव्हते.

आता मुद्द्याचं. फोटो म्हटलं की आपली जुनी माणसं सावधानमध्ये उभी राहतात. हात सरळ, हनुवटी वर, हसू गायब. आम्हाला वर्गात शिकवतात की हे ‘मोडायचं’: गप्पा मारा, विसरायला लावा, मग नैसर्गिक क्षण टिपा. काही अंशी ते बरोबर आहे. ‘हसा’ म्हटल्यावर येणारं हसू ओठांवरच राहतं. खरं हसू आलं की डोळ्यांच्या कडेला सुरकुत्या पडतात आणि त्या मागून आणता येत नाहीत. पण सावधान उभं राहणं खोटं आहे, हे मला मान्य नाही. ज्या पिढीनं आयुष्यात पाच-सहा वेळाच फोटो काढले, तेही स्टुडिओत जाऊन, ठेवणीतले कपडे घालून, तिच्यासाठी फोटो म्हणजे समारंभ असतो. ‘मी जगाला असा दिसावा’ हे त्या माणसानं स्वतः ठरवलेलं रूप आहे. बेसावध चेहरा आपल्याला आवडतो, त्याला आवडेलच असं नाही.

म्हणून मी एक रीत ठेवलीये. पहिला फोटो तुमचा, दुसरा माझा. तुम्हाला हवं तसं उभं राहा, हवं ते हातात घ्या, हवा तो देवाचा फोटो मागे येऊ द्या. तो मी तितक्याच काळजीनं काढणार. मग दुसरा मी सांगेन तसा. आणि खरं सांगू? तीसपैकी अकरा पोर्ट्रेटमध्ये मी शेवटी ‘त्यांचा’ फोटोच निवडला.

त्यातलाच एक आजींचा. या पुरंदर तालुक्यातून येतात, हंगामात सीताफळं, एरवी मिळेल ती भाजी. तिसऱ्या भेटीत त्यांनीच विषय काढला. ‘पोरी, माझा एक भिंतीवरचा फोटो काढ.’ मला आधी कळेना. मग म्हणाल्या, ‘अगं, हार घालायचा. मेल्यावर हुडकत बसतील आणि त्या आधार कार्डावरचा मोठा करून लावतील. त्यात मी चोरावानी दिसते.’ त्यांचा मुलगा शेजारीच पोती उतरवत होता, तो भडकला. ‘आये, भरल्या बाजारात काय अभद्र बोलतीस!’ आजी माझ्याकडे बघून म्हणाल्या, ‘त्याच्या बापाचा फोटो न्हाई. एका लग्नाच्या घोळक्यातून कापून काढला, खांद्यावर दुसऱ्याचा हात हाय अजून.’

मुलगा काही बोलला नाही. पोतं तिथेच टाकून चहाला निघून गेला.

अशा फोटोचं तंत्र मी तुम्हाला सांगते, कारण तुम्हालाही कधीतरी कुणीतरी मागेल, आणि बहुतेक ते तुमच्या घरातलंच कुणी असेल. भिंतीवरचा फोटो खालून बघितला जातो, म्हणून कॅमेरा डोळ्यांच्या पातळीवर हवा, खाली नको. नजर थेट लेन्समध्ये, कारण घरातली माणसं त्या डोळ्यांशी बोलतात. चेहऱ्याभोवती भरपूर मोकळी जागा सोडायची, फ्रेम आणि हार दोन्हींना जागा लागते. हाराची फुलं छातीवर येतात हे धरून फ्रेम कमरेपर्यंत ठेवायची. मागे साधी भिंत किंवा कापड. मी फिकट राखाडी चादर बांधली होती. आजी काठाची हिरवी साडी पिशवीतून घेऊन आल्या होत्या, पदर डोक्यावर. चष्मा काढायचा म्हणाल्या, पण काढल्यावर नाकावर वळ दिसायला लागले आणि लेन्स कुठे आहे तेच त्यांना दिसेना, नजर हरवली. मग चष्मा परत घातला. काचेवर दरवाजाची चमक येत होती, तर चष्म्याच्या काड्या कानांवर बोटभर वर उचलल्या. काच किंचित खाली झुकते आणि चमक निघून जाते. फोटोत कळतही नाही.

हसायचं की नाही यावर त्यांचाच निर्णय: ‘दुःखाच्या घरात हसणारी म्हातारी बरी दिसत न्हाई, पण रडकी बी नको.’ बारा फोटो काढले. सातवा त्यांना पसंत पडला.

८ बाय १२ इंची प्रिंट करून दिली. ती आता गावाकडे ट्रंकेत, ठेवणीतल्या साड्यांच्या मध्ये आहे. मुलगा दोन आठवड्यांनी माझ्याकडे आला आणि नजर न मिळवता म्हणाला, ‘तो फोटो मोबाइलवर पाठवा. आयला सांगू नका.’ आजी ठणठणीत आहेत, परवाच त्यांनी मला भावात फसवलं.

फोटो नेमका कुणाचा, हा प्रश्न इथून सुरू होतो. डोरोथिया लँगनं १९३६ मध्ये कॅलिफोर्नियात शेतमजुरांच्या छावणीत एका आईचा फोटो काढला, तोच ‘मायग्रंट मदर’. अमेरिकेतल्या मंदीचा तो चेहराच झाला. पण लँगनं तिचं नाव विचारलं नव्हतं. ती फ्लॉरेन्स ओवेन्स थॉम्सन होती, हे जगाला १९७८ मध्ये कळलं. चाळीसहून अधिक वर्षं ती बाई स्वतःच्याच प्रसिद्ध फोटोत बिननावाची होती, आणि त्या फोटोतून आपल्याला काहीच मिळालं नाही याची सल तिला होती. फोटो थोर आहे, यात वाद नाही. पण सरांची नावाची अट मला तिथे नीट समजली.

दुसरं उदाहरण आपल्याकडचं. दयानिता सिंग अहमदाबादच्या एनआयडीमध्ये शिकत असतानाच झाकीर हुसेन यांच्यासोबत अनेक दौरे फिरल्या, त्यातून १९८६ मध्ये त्यांचं पहिलं पुस्तक आलं. पुढे १९८९ मध्ये लंडनच्या एका वृत्तपत्रासाठी त्या दिल्लीतल्या हिजड्यांवर काम करत होत्या. तिथे मोना अहमद भेटल्या. फोटो लंडनमध्ये छापून येणार हे कळल्यावर मोनांनी रोल परत मागितला. तिकडे त्यांचे नातेवाईक होते. दयानितांनी रोल देऊन टाकला. काम गेलं, पण मैत्री झाली, आणि २००१ मध्ये ‘मायसेल्फ मोना अहमद’ हे पुस्तक आलं, ज्यात मजकूर मोनांचा स्वतःचा आहे. आजच्या डिजिटल काळात रोल हातात देता येत नाही, पण समोरच्या माणसादेखत फाइल डिलीट करता येते. मी ते दोनदा केलंय. त्यातला एक फोटो फार चांगला होता.

शेवटी वहीचं सांगते आणि थांबते, कारण तिच्याबद्दल बऱ्याच जणांनी विचारलंय. साधी दोनशे पानी वही आहे. प्रत्येकाचं एक पान: नाव त्यांनी सांगितलं तसं, फोन असेल तर तो, फोटो कुठे वापरायला चालेल, आणि काय कबूल केलंय. ‘प्रिंट देते’ असं म्हटलं की लगेच तारीख लिहायची. ४ बाय ६ ची प्रिंट फार महाग नसते, महिनाअखेरीस आठ-दहा एकदम करून एक फेरी मारायची. ज्यांच्या हातात प्रिंट पडली, त्यांनी पुढच्या तीन जणांना स्वतःहून सांगितलं, ‘हिला काढू दे रे, ही आणून देते.’ अजून चार प्रिंट द्यायच्या राहिल्यात. त्यातल्या एक मावशी मंडईतून हडपसरच्या बाजूला गेल्यात म्हणे, रविवारी तिकडे शोधायला जाणार आहे.

पुढच्या भागात तुमचे लेन्सचे ते दोन प्रश्न नक्की घेते. भेटू.